किनाऱ्याकिनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत: सोबत तीन मोठी होत असलेली मुलं, कुठे थांबू आणि काय गाळू?

रानजाई

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये पुण्याहून गाडी घेऊन कोकणात उतरायचं, किनारा धरून वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आणि आंबोलीमार्गे परत यायचं, असं ठरतंय. सोबत लेक (दहावीची परीक्षा आटपलेली असेल), तेरा वर्षांचा मुलगा आणि माझ्या भावाचा सोळा वर्षांचा मुलगा. गाडी घरचीच, मी आणि नवरा आलटून पालटून चालवू. हातात आठ रात्री आहेत.

मागच्या दिवाळीत तीन दिवसांत अकरा ठिकाणं केली होती. जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वाटेतली देवळं, सगळं. मुलं प्रत्येक ठिकाणी उतरायची, फोटो काढायची, गाडीत बसायची. परतताना ताम्हिणीत लेक म्हणाली, "आई, तू किती दमलीस. कोणासाठी केलं आपण हे सगळं?" ते मनातून जातच नाही. तिच्याबरोबर अशा सहली आणखी दोन होतील, फार तर तीन. मग ती मैत्रिणींबरोबर जाईल, आणि जायलाच हवं. म्हणून ही सहल नीट व्हावी असं फार वाटतंय.

कच्चा बेत असा: दिवेआगर, तिथून हरिहरेश्वर करून वेळास, मग आंजर्ले-हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. जवळजवळ रोज नवं गाव. जास्त होतंय का?

वाशिष्ठीकाठ

ताई, जास्त होतंय. मी गुहागर तालुक्यातलाच, म्हणून स्पष्ट सांगतो.

नकाशात हा रस्ता किनाऱ्याला चिकटून सरळ गेलेला दिसतो. प्रत्यक्षात थोडं पुढे गेलं की खाडी आडवी येते. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, विजयदुर्गाला वाघोटण. गावं खाली पुळणीलगत, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यालगत, आणि दोन गावांच्या मधे सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. म्हणजे घाटी चढा, सड्यावरून जा, परत घाटी उतरा. तासाला तीस किलोमीटर धरा. चाळीस धरलेत की जेवणाच्या वेळा चुकतात, आणि मुलांची भूक चुकली की पुढचा दिवस हातचा गेला.

बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या तिन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालून खाडी ओलांडता येते. वळसा वाचतो तो वेगळाच, पण मुलांना गाडीतून उतरून कठड्याला उभं राहता येतं, वारा लागतो, घारी आणि बगळे दिसतात. फेरीतली ती दहा-पंधरा मिनिटं ठिकाणात धरा, प्रवासात नको. शनिवार-रविवारी मात्र धक्क्यावर गाड्यांची रांग लागते.

दुसरं, भरती-ओहोटी पाहिल्याशिवाय इकडचा कुठलाही बेत आखू नका. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही लांब. मुलांना हे शिकवा, मोबाइलमधल्या तक्त्याशी ताडून पाहू द्या.

याचा उपयोग कुठे, तर गुहागरजवळच्या हेदवीला. दशभुज गणेश सगळे करतात, पण खाली समुद्रावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. काळ्या खडकातली अरुंद चीर. भरतीला लाट त्यात घुसते आणि पाण्याचा उंच फवारा उडतो. ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसेल. मात्र कडेला जायचं नाही, मुलांना आधीच बजावून ठेवा. खडक शेवाळलेला असतो आणि एखादी लाट बाकीच्यांपेक्षा मोठी येते. इथे माणसं गेली आहेत.

हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेचंही तेच. खडकातून जाणारी ती वाट भरतीला धोक्याची. ओहोटीला शांतपणे करा, लाटांनी खडकाला पाडलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी बघत.

सुमेधा_ठाणे

मी दोन वर्षांपूर्वी चौदा आणि सतरा वर्षांच्या मुलींना घेऊन याच रस्त्यानं गेले होते. ठिकाणांबद्दल इतर सांगतीलच, मी मुलांबद्दल सांगते.

या वयाची मुलं आळशी नसतात, त्यांना झोप लागते उशिरा आणि हवी असते जास्त. सकाळी सातला निघायचं असं रोज ठरवलंत तर रोज भांडण. आम्ही एक दिवस पहाटेचा आणि एक दिवस उशिराचा ठेवला. पहाटेच्या दिवसाचं कारण त्यांना पटलेलं असायचं, त्यामुळे हाक न मारता उठल्या.

प्रत्येकाला एक दिवस देऊन टाका. नुसतं "कुठे जायचं सांग" एवढंच नव्हे. अंतर, थांबे, जेवण, भरतीची वेळ सगळं त्यानं बघायचं आणि त्या दिवशी आईबाबांनी दुरुस्ती करायची नाही. माझ्या धाकटीनं तिच्या दिवशी फक्त एक किनारा आणि एक बेकरी ठेवली होती. मला आतून फार वाटत होतं की वाटेवरचा किल्ला राहतोय. गप्प बसले. संध्याकाळी तीच म्हणाली, उद्या किल्ला करू.

राहण्याबद्दल: दोन खोल्या घ्या. सोळा वर्षांच्या मुलाला आत्या-काकांच्या खोलीत झोपायला अवघड वाटतं आणि तो ते बोलून दाखवत नाही. लेकीसाठी, पाळीच्या तारखा आधी बघून पाण्यात उतरायचे दिवस पुढेमागे ठेवा. मोकळेपणानं विचारा, तिला बरंच वाटेल. बऱ्याच किनाऱ्यांवर कपडे बदलायला नीट सोय नसते. किनाऱ्याला लागून घर घेतलंत तर तो प्रश्नच उरत नाही. फोटोंवर जाऊ नका. आम्ही एका ठिकाणी "समुद्र समोर" वाचून पैसे भरले आणि समुद्र दीड किलोमीटरवर निघाला. फोन करून विचारा, घराच्या फाटकापासून वाळूपर्यंत चालत किती मिनिटं?

दापोलीकर_सध्या_मस्कत

एप्रिल म्हणताय तर वेळास गाळू नका, बाकी काहीही गाळा.

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करून अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ती अंडी कोल्हे-कुत्रे उकरायचे, माणसंही न्यायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. अंडी उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, वर टोपली पालथी घालायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उघडून बघतात, असली तर समुद्राकडे सोडतात. दोरीच्या अलीकडे थांबायचं, फ्लॅश नाही, हात लावायचा नाही. पिल्लानं ती वाळू स्वतः चालून जायची असते.

दोन गोष्टी मुलांना आधी सांगा. एक, पिल्लं नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू तापली की माद्या जास्त. दुसरं, कदाचित एकही पिल्लू दिसणार नाही. म्हणून दोन रात्री ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार वेळा जाता येईल. घरं साधी आहेत, जेवण घरगुती, मोबाइलची रेंज येते-जाते.

वेळासला जायला दिवेआगर कशाला? पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड करून थेट या. दिवेआगर-हरिहरेश्वर तुमचं झालेलंच आहे. वेळासहून दाभोळकडे निघालात की संध्याकाळी हर्णै बंदरात थांबा. होड्या खोल पाण्यात नांगरतात, मासळी किनाऱ्यावर येते, आणि वाळूवरच ढीग लावून लिलाव. बोली कानात सांगितल्यासारखी भराभर होते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. वासाची तक्रार होईल, होऊ दे.

मृगशीर्ष

विजयदुर्ग ठेवा. मुलं विज्ञानाची असतील तर आवर्जून. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला. इंग्रज शास्त्रज्ञानं दुर्बीण ठेवलेले साहेबाचे ओटे अजून दाखवतात.

कातळसडा

मृगशीर्ष, विजयदुर्ग ठेवावा याला माझाही पाठिंबा, पण ही गोष्ट मुलांना अशी सांगू नये असं मला कळकळीनं वाटतं. ग्रहण त्याच दिवशी होतं आणि खग्रास पट्टा भारतावरून गेला हे खरं. पण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रात गुंटूरला होता. लॉकियर, ज्याचं नाव हेलियमशी जोडलं जातं, तो भारतात नव्हताच. त्यानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेघ ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती. त्याला पुढे हेलियम नाव मिळालं.

पंधरा-सोळा वर्षांची मुलं मोबाइलवर दोन मिनिटांत हे शोधून काढतील, आणि मग आपण सांगितलेलं बाकी सगळंच त्यांना खोटं वाटेल. त्यापेक्षा ओट्यांवर उभं करून दोन्ही सांगा. गाव काय सांगतं आणि नोंदी काय सांगतात.

किल्ला आपल्या बळावर मोठा आहे. 1653 मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. पुढे आंग्र्यांचं आरमार तिथे नांदलं. 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून तो गेला तो इंग्रज आणि पेशवे एकत्र आल्यामुळे. माझ्या मते मुलांना सगळ्यात जास्त हेच बोलतं करतं: पेशव्यांनी आपलंच आरमार बुडवायला मदत का केली? याचं सोपं उत्तर नाही आणि मुलं त्यावर जेवण होईपर्यंत वाद घालतात.

आणि माझ्या गावाकडचं एक मागणं. गणपतीपुळे-रत्नागिरी घाईनं करण्यापेक्षा एक रात्र राजापूर तालुक्याला द्या, कातळशिल्पांसाठी. जांभ्याच्या सड्यावर कोरलेली प्राण्यांची, माणसांची, नक्षीची चित्रं, इतिहासाच्याही आधीची. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळीचा हत्ती साधारण अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. देवाचे गोठणे इथे भार्गवरामाच्या देवळावरच्या सड्यावर एक मानवाकृती आहे, तिथे होकायंत्र ठेवलं की सुई चुकीची दिशा दाखवते. खडकाचाच गुण तो. मोबाइलमधलं होकायंत्र नको, सुईचं साधं न्या.

सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर. एप्रिलात जांभा तापतो, बूट हवेतच. चित्रावर पाय ठेवायचा नाही, खडूनं किंवा पाण्यानं रेघा ठळक करायच्या नाहीत. गावातलं कोणी सोबत घ्या, एकटे शोधायला गेलात तर सड्यावर दिशाच कळत नाही.

नाना_चिंचवड

सगळ्यांचं वाचलं. पण आठ रात्रींत चारपाच गावं म्हणजे कोकण पाहिलं असं मी म्हणणार नाही. आणि देवळं कोणी काढतच नाही. कुणकेश्वर, कशेळीचा कनकादित्य, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. मुलांना कंटाळा येतो म्हणून टाळायचं, मग त्यांना हे दाखवणार कोण?

सुमेधा_ठाणे

नाना, तुमचं म्हणणं पटतं. माझा अनुभव एवढाच, की दिवसाला एक देऊळ आणि तिथे अर्धा तास निवांत बसणं, असं ठेवलं तर मुलं रमतात. आंजर्ल्याला वर गेल्यावर माझी थोरली कठड्यावर बसून खाली खाडीचं तोंड बघत राहिली. उठायचं नाव नाही. तेच त्या दिवशीचं तिसरं देऊळ असतं तर ती गाडीतून उतरलीही नसती.

सोलकढी

मालवणात माझं घर आहे म्हणून पाण्याचं सांगतो.

मुलं स्कूबा मागणारच. नुसता अनुभव घ्यायला पोहता यावं लागत नाही, प्रशिक्षक धरून असतो. जगभर दहा वर्षं हे किमान वय धरतात, तुमची तिन्ही बसतात. पण सर्दी असेल तर त्या दिवशी नाही म्हणजे नाही, कानावर दाब येतो. दमा असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. सकाळची पहिली फेरी घ्या, वारा कमी असतो, पाणी निवळ असतं.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो: स्कूबा केलेल्या दिवशीच आंबोली घाट चढू नका. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटरवर आहे. पाण्याखाली श्वासातून रक्तात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. एका साध्या बुडीनंतर निदान बारा तास. उथळ पाण्यात धोका कमी, पण मधे एक रात्र घालवलीत की काळजीच नको.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी होडी धक्क्यावरून मिळते. 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला, तीन वर्षांत उभा राहिला. आत शिवराजेश्वराचं देऊळ, महाराजांच्या हातापायाचे ठसे, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. होडीवाले ठरावीक वेळ देतात. आधीच बोलून जास्त वेळ घ्या, तटावरून पूर्ण फेरी मारायला तेवढा लागतो.

पोहण्याबद्दल: भरती चढत असताना पाण्यात, ओहोटी लागली की बाहेर. आमच्याकडे लहानपणापासून हेच शिकवतात. परक्या किनाऱ्यावर आधी गावातल्या माणसाला विचारायचं. गणपतीपुळ्याला पाणी दिसतं शांत, पण जमीन एकदम खचते. तिथे पोहायला पोरांना सोडू नका.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिघांना बसवून हा धागा वाचायला दिला. दिवेआगर, गणपतीपुळे, रत्नागिरी शहर गाळलं. थिबा राजवाडा राहतोय याचं मला वाईट वाटतंय. ब्रह्मदेशाचा राजा, 1886 पासून रत्नागिरीत नजरकैदेत, 1916 मध्ये तिथेच गेला, ती गोष्ट मला मुलांना तिथे उभं राहून सांगायची होती. पण भाचा म्हणाला, "आत्या, गाडीत सांग ना." तेही खरं.

आता असं: वेळास दोन रात्री, गुहागर दोन, कशेळी-आडिवऱ्याकडे एक, मालवण दोन, वेंगुर्ला एक. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी निघतोय. तिथीची पाऊणपट मुलानं वहीत मांडलीय. हेदवीचा दिवस त्रयोदशीला येतो, म्हणजे पावणेदहाला भरती. वेळासचा दिवस लेकीचा, सड्याचा भाच्याचा, गुहागरचा मुलाचा.

रानजाई

आलो परत. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळेच जमलं.

वेळासला पहिल्या संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या सकाळी काही नाही. लेक बोलली नाही, पण मला दिसत होतं. दुसऱ्या संध्याकाळी टोपली उचलली आणि आत वाळूचा रंग हलल्यासारखा वाटला. सहा पिल्लं. राखाडी, हाताच्या मुठीत मावतील एवढी, पाठीवर वाळू चिकटलेली. पाच भराभर गेली. सहावं दर चार पावलांनी थांबायचं. लाट आली की उलटं मागे यायचं, परत सरळ व्हायचं, परत निघायचं. लेक दोरीला धरून उकिडवी बसली होती, फोन खिशात. पिल्लू दिसेनासं झाल्यावरही बराच वेळ ती तशीच. परतताना मला म्हणाली, "निकाल काहीही लागला तरी चालेल असं आत्ता वाटतंय." दहावीचं किती ओझं ती एकटी वाहत होती हे मला त्या वाटेवर कळलं. त्या रात्री ओटीवर आम्ही दोघी उशिरापर्यंत बोललो. बाकी काही झालं नसतं तरी मी समाधानी होते.

हर्णैला लिलाव पाहिला, भाच्यानं सुरमईचा भाव तीनदा विचारून घेतला. फेरीत तिघं कठड्यालाच होते.

गुहागर मुलाचा दिवस. सकाळी साडेनऊला आम्ही बामणघळीवर, बऱ्याच मागे, कोरड्या खडकावर. आधी नुसता घुमल्यासारखा आवाज, मग फवारा. वही काढून त्यानं वेळ लिहिली: नऊ पन्नास, सगळ्यात उंच. पावणेदहाच्या हिशोबापासून पाचच मिनिटं लांब. असा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मी शाळेच्या बक्षिसालाही पाहिला नव्हता. वाशिष्ठीकाठ दादा, त्यानं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. दुपारी त्यानं काहीच ठेवलं नव्हतं. नारळीपोफळीच्या वाडीत पाटाचं पाणी सोडलं होतं, तिघं त्यात पाय घालून बसले, ताडगोळे खाल्ले, पत्ते खेळले. एप्रिलच्या उकाड्यात दुपारी गाडीत नसणं हाच मोठा शहाणपणा. अकरा ते चार कुठेही निघालो नाही, एखादा दिवस सोडला तर.

तो एक दिवस जयगड ओलांडून दक्षिणेला यायचा. तिथे माझी चूक झाली. मोबाइलच्या नकाशानं जवळची म्हणून एक वाट दाखवली, ती सड्यावर जाऊन संपली. गाडी वळवायला जागा नाही, ऊन मी म्हणतंय, पाणी संपत आलेलं. भाचा खाली उतरून मागेमागे हात दाखवत राहिला आणि नवऱ्यानं जवळपास दोनशे मीटर गाडी उलटी आणली. त्या दिवसापासून प्रत्येक फाट्यावर माणसाला विचारून पुढे. पाणी माणशी तीन लिटर ठेवा, कमी पडत नाही.

कातळशिल्पं भाच्याची. कशेळीच्या हत्तीपाशी आधी काहीच कळेना, नुसत्या रेघा. गावातल्या आजोबांनी काठीनं हवेतच सोंडेची रेघ दाखवली आणि मग एकदम सगळा हत्ती दिसला, नंतर त्याच्या पोटातला मासा, मग आणखी. एकदा दिसल्यावर न दिसणं शक्यच नाही. देवाचे गोठण्याला भाचा सुई घेऊन त्या आकृतीभोवती पावलं मोजत फिरला. डोक्याशी सुई कशी वळते, पायाशी कशी, दोन पावलं लांब गेलं की परत कशी सरळ होते, सगळं लेकीच्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड. एरवी तो मोजकं बोलतो. त्या संध्याकाळी जेवताना तोच बोलत होता.

विजयदुर्गाला जैतापूरहून जाताना वाघोटणच्या खाडीचा वळसा पडला, जवळ दिसतं म्हणून फसू नका. ओट्यांवर दोन्ही गोष्टी सांगितल्या. तुळाजी आंग्र्यांवरून देवगडपर्यंत वाद झाला, कातळसडा यांचं अगदी खरं निघालं. नाना, कुणकेश्वराला थांबलो. लाटा देवळाच्या पायथ्याशी येत होत्या आणि मुलं पायऱ्यांवर बसून राहिली. तुमची आठवण काढली.

मालवणात पोचलो तो हनुमान जयंतीचा दिवस, पौर्णिमा. शनिवार असल्यानं गर्दी होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या फेरीला दोघं पाण्यात गेले, मुलाला सर्दी होती म्हणून तो वर होडीतच थांबला. रडू आलं त्याला, पण हट्ट केला नाही. त्याला पुढच्या वेळी नक्की नेणार, हा शब्द दिलाय. वेंगुर्ल्याला एक रात्र काढूनच आंबोली चढलो.

पायवाट

ताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मी एकोणीसची आहे, आईबाबांबरोबर अशी शेवटची सहल तीन वर्षांपूर्वी झाली. एक विचारते, माझी आजी पंचाहत्तरची आहे, गुडघे दुखतात. तिला यातलं काय जमेल?

रानजाई

बाळा, वेळासला किनाऱ्यापर्यंत वाळूतून चालावं लागतं, पण सकाळची ओली वाळू घट्ट असते, काठी घेऊन हळूहळू जमेल. गुहागरला घर किनाऱ्यालगत घे, आजीला बाहेर यायलाही नको. फेरीत गाडीतच बसून राहता येतं. कशेळीचा सडा सपाट आहे, देवाचे गोठण्याचा चढ मात्र नको. सिंधुदुर्गाला होडीत चढताना-उतरताना दोन माणसांनी धरावं लागेल, त्यापेक्षा तिला धक्क्यावर सावलीत बसव, किल्ला समोरच दिसतो.

सोलकढी

धागा वर काढतोय, आनंदाची बातमी आहे. 11 जुलै 2025 ला मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपल्या किनाऱ्यावरचे चार: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. रानजाई ताई, तुमच्या पोरांनी त्यातले तीन पाहिलेत, सुवर्णदुर्ग लांबून का होईना.

पावसात होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, कोणी बेत करत असेल तर दिवाळीनंतर या. तुमच्या धाकट्याला सांगा, नोव्हेंबरनंतर पाणी चांगलं निवळतं. सर्दी घरी ठेवून ये म्हणावं.

रानजाई

सांगितलं त्याला. वही काढून मार्गशीर्षातल्या तिथी बघत बसलाय.